एका वाक्यातून दुसरं निघतं का? मराठीसाठी मॉडेल शिकवताना (धागा)

अक्षरगणित

नमस्कार मंडळी. यंत्राने केलेला मराठी सारांश मूळ मजकुराला धरून आहे की त्यात पदरचं काही घुसडलंय, हे तपासायचं काम हल्ली बऱ्याच जणांपुढे येतंय. शासन निर्णय असो, बातमी असो, प्रश्न तोच: पहिला मजकूर खरा धरला तर दुसरा मान्य करावा लागतो का? याबद्दल इथे तुकड्यातुकड्याने पुष्कळ लिहिलं गेलंय, ते एका जागी यावं म्हणून हा धागा.

आधी थोडी पूर्वपीठिका. या कामाला स्पर्धेचं रूप आलं २००५ साली, पास्कल या युरोपीय संशोधन नेटवर्कच्या आरटीई (एका मजकुरातून दुसरा निघतो का हे ओळखण्याच्या) स्पर्धेतून. इडो डॅगन आणि सहकाऱ्यांनी ती भरवली. पहिल्या वर्षी सरावाला पहिल्या आणि दुसऱ्या मजकुराच्या ५६७ जोड्या आणि परीक्षेला ८००, एवढाच पसारा होता. २०१५ मध्ये स्टॅनफर्डचा एसएनएलआय हा संच आला, सुमारे ५ लाख ७० हजार जोड्यांचा. २०१८ मध्ये मल्टीएनएलआय, सुमारे ४ लाख ३३ हजार. दोन्ही इंग्रजी. प्रत्येक जोडीला लावायची लेबलं, म्हणजे उत्तरं, तीन. मी त्यांना इथे 'निघतं', 'उलट' आणि 'सांगता येत नाही' म्हणतो. लेबलं लावणाऱ्यांना हीच नावं दिली तर गोंधळ कमी होतो.

आपल्याकडचं चित्र: २०१८ च्या एक्सएनएलआयमध्ये १५ भाषा आहेत. हिंदी आहे, उर्दू आहे, मराठी नाही. २०२२ च्या इंडिकएक्सएनएलआयमध्ये ११ भारतीय भाषा आहेत आणि मराठी आहे, पण हा सगळा संच इंग्रजीवरून यंत्राने भाषांतरित केलेला. प्रशिक्षणाला ३,९२,७०२ जोड्या, मधल्या तपासणीला २,४९०, परीक्षेला ५,०१०. वाक्यं भाषांतरित झाली, लेबलं मात्र इंग्रजीवरून जशीच्या तशी उचलली. माझ्या मते मराठीतल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथे आहे. त्यामुळे नुसता परीक्षेचा टक्का बघून मॉडेल कामाला जुंपू नये.

जाणकारांनी भर घालावी.

---

टोकनवाला

चांगला धागा. कृतीपासून सुरुवात करतो.

पाया म्हणून आधीच मजकुरावर शिकलेलं मॉडेल लागतं: म्युरिल, एक्सएलएम-रॉबर्टा बेस, एमडीबर्टा बेस किंवा पुण्याच्या एल३क्यूबचं महाबर्ट, यांपैकी काहीही घ्या. दोन्ही वाक्यं एकत्र द्यायची, मध्ये विभाजक टोकन (टोकन म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं तो एक तुकडा), वर तीन खान्यांचा वर्गीकरणाचा थर. लर्निंग रेट (एका पावलाला मॉडेल किती बदलायचं) ०.००००२, बॅच (एका पावलाला किती जोड्या) ३२, संचावरून फेऱ्या ३, वॉर्मअप (लर्निंग रेट हळूहळू चढवण्याचा सुरुवातीचा टप्पा) ६ ते १० टक्के पावलं. पूर्ण संच घेतला तर एका फेरीला १२,२७२ पावलं होतात. फुकटच्या जीपीयूवर एवढा वेळ मिळत नसेल तर १ लाख जोड्या यादृच्छिक निवडा, मात्र तिन्ही लेबलं सारखी ठेवा.

आता काय बिघडतं ते.

लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) १.०९८६ च्या आसपास खिळून बसला तर मॉडेल काहीही शिकत नाहीये. हा आकडा म्हणजे ३ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, अर्थात तिन्ही खान्यांत सारखी शक्यता वाटून मोकळं होणं. एक्सएलएम-रॉबर्टाच्या लार्ज आकारात हे बऱ्याचदा होतं. लर्निंग रेट निम्मा करा, वॉर्मअप वाढवा, सीड (यादृच्छिकतेचा सुरुवातीचा आकडा) बदला. पहिल्या हजार-दीड हजार पावलांत लॉस १ च्या खाली सरकला नाही तर रात्रभर वाट बघण्यात अर्थ नाही.

एमडीबर्टा एफपी१६ (१६ बिटांचे आकडे) मध्ये चालवलं की लॉस 'नॅन', म्हणजे आकडाच नाही, असा होऊ शकतो. बीएफ१६ (१६ बिटांचीच, पण मोठे आकडे पेलणारी पद्धत) वापरा. टी४ या जीपीयू कार्डात बीएफ१६ ची सोय नाही, तिथे सरळ एफपी३२ (३२ बिट) आणि लहान बॅच. ८ ची बॅच चार वेळा साठवून ३२ करता येते.

एसएनएलआय मिसळणार असाल तर ज्या जोड्यांवर एकमत झालं नाही त्यांचं लेबल उणे १ असतं. त्या गाळल्या नाहीत तर ट्रेनिंग मध्येच कोसळतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळत नाही.

---

शब्दखुणा

अक्षरगणित, लेबलं जशीच्या तशी उचलल्याबद्दल तुम्ही म्हणताय ते नुसतं तत्त्वापुरतं नाही. हे बघा.

इंग्रजीत 'एक डॉक्टर आली/आला' हा भेद क्रियापदात नसतो. तिथे पहिलं वाक्य डॉक्टर आल्याचं, दुसरं एक स्त्री आल्याचं, लेबल 'सांगता येत नाही'. बरोबरच आहे. भाषांतरयंत्र पहिल्याचं 'एक डॉक्टर आला' करतं. आता मराठीत 'एक डॉक्टर आला' आणि 'एक स्त्री आली' ही जोडी वाचणारा 'उलट' म्हणेल. लेबल मात्र जुनंच. गंमत अशी की 'डॉक्टर वाचत आहे' असं भाषांतर झालं तर लिंग दिसत नाही आणि लेबल टिकतं. 'वाचत होता' झालं की मोडतं. म्हणजे लेबल खरं की खोटं, हे काळावर ठरायला लागलं.

नात्यांचंही तेच. इंग्रजीत एकच शब्द. आपल्याकडे काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा. यंत्र डोळे झाकून 'काका' करतं. मग 'त्याच्या काकांनी फोन केला' आणि 'त्याच्या आईच्या भावाने फोन केला' या जोडीला 'सांगता येत नाही' हे लेबल चिकटून राहतं.

सगळ्यात वाईट 'आम्ही' आणि 'आपण'. 'आपण बाजारात जातोय' मधून 'तूही येतोयस' निघतं. 'आम्ही बाजारात जातोय' मधून ते निघत नाही, उलट तुला वगळलंय असंच वाटतं. इंग्रजीला हा भेदच ठाऊक नाही, त्यामुळे यंत्र नाणेफेक करतं.

शिवाय दोन्ही वाक्यं वेगवेगळी भाषांतरित होतात. पहिल्यात 'गाडी' आणि दुसऱ्यात 'कार', पहिल्यात 'मुलगा' आणि दुसऱ्यात 'बालक'. मुळात जो शब्द दोन्हीकडे तोच होता तो मराठीत दोन झाला. दोन्हीकडे समान असलेले शब्द यामुळे कमी होतात आणि मॉडेल वेगळ्याच खुणा शिकतं. २०२० मध्ये आर्टेचे आणि सहकाऱ्यांनी भाषांतरित संचांबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं.

---

खडूफळा

थोडं अवांतर, पण विषयाला सोडून नाही. 'लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही', म्हणजे तो रात्री जेवतो. मीमांसकांची अर्थापत्ती. आपल्या मंडळींनी या प्रश्नाचा कीस फार आधी पाडलाय. मला कुतूहल आहे की तुमच्या तीन खान्यांत देवदत्त कुठे बसतो? पहिल्या वाक्यात रात्रीचा उल्लेखच नाही.

---

उलटतपासणी

खडूफळा सर, 'निघतं' मध्ये बसतो. आरटीईची व्याख्या तर्कशास्त्राची नाही. पहिला मजकूर वाचून सर्वसाधारण माणूस दुसरा बहुधा खरा आहे असं मानेल का, एवढंच ती विचारते. सगळी भिस्त 'बहुधा' या शब्दावर आहे, आणि लेबलं लावणाऱ्यांची भांडणंही तिथेच होतात. (देवदत्ताला थायरॉइड असेल, असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात निघतोच.)

म्हणून लेबलं लावणाऱ्यांना सूचना देताना तीन गोष्टी लेखी हव्यात.

पहिली, दोन्ही वाक्यं एकाच प्रसंगाबद्दल आहेत असं धरायचं की नाही. 'मुरुडजवळ एक बोट बुडाली' आणि 'मालवणजवळ एक बोट बुडाली'. प्रसंग एकच धरला तर 'उलट', नाही तर 'सांगता येत नाही'. एसएनएलआयने छायाचित्रांच्या ओळी वापरल्या त्या याच कारणाने: चित्र एकच, म्हणून प्रसंग एकच. सारांश तपासायचा असेल तर तुम्हीही एकच प्रसंग धरा.

दुसरी, किती बाहेरचं ज्ञान चालेल. 'मुंबई शहर वगळता राज्यातील सर्व जिल्ह्यांत' यातून 'मुंबई उपनगरात लागू' निघतं, पण ते दोन वेगळे जिल्हे आहेत हे माहीत असेल तरच. मी भूगोल आणि दिनदर्शिका चालवून घेतो, चालू घडामोडी नाही.

तिसरी, शंका असेल तर काय. शंका म्हणजे 'सांगता येत नाही', असं कधीच लिहू नका. तो खाना कचराकुंडी होतो. 'शंका' असा चौथा खाना द्या आणि त्या जोड्या नंतर वेगळ्या बघा.

प्रत्येक जोडी तिघांनी, एकमेकांचं न बघता. एसएनएलआयमध्ये ज्या जोड्या पाच जणांनी तपासल्या त्यांतल्या सुमारे ५८ टक्क्यांवरच पाचांचं एकमत झालं होतं. सहमतीचं माप, म्हणजे फ्लाइस कप्पा (१ म्हणजे पूर्ण एकमत), ०.७० आणि सगळ्यात कमी 'सांगता येत नाही' वर, ०.६०. तुमचा कप्पा ०.९ आला तर खूश होऊ नका. बहुधा जोड्या फार सोप्या आहेत, नाही तर मंडळी एकमेकांचं बघून लिहितायत.

---

गंमतजंमत

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला राव? मोठ्या चॅट मॉडेलला दोन्ही वाक्यं द्या आणि विचारा. झालं काम.

---

अक्षरगणित

विचारा की, कोण नको म्हणतंय. पण मूळ मजकूर २० वाक्यांचा आणि सारांश ५ वाक्यांचा असेल तर १०० जोड्या होतात, आणि असे दिवसाला हजारो दस्तऐवज असतील तर हिशेब करा. लहान मॉडेल त्या १०० जोड्या एका बॅचमध्ये उरकतं, आणि तीच जोडी उद्या दिली तर तेच उत्तर देतं.

मोठं मॉडेल वापरायचंच तर कारण आधी लिहायला लावा आणि लेबल शेवटी. आधी लेबल मागितलं की पुढचं कारण ते त्या लेबलाची वकिली करायला वापरतं. आणि तीन पर्यायांचा क्रम बदलून पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर ती जोडी माणसाकडे. पण ते बरोबर सांगतंय की नाही, हे ठरवायला तपासणी संच लागणारच. तो प्राणायाम काही चुकत नाही.

---

टोकनवाला

टोकनांबद्दल लिहायचं राहिलं होतं. हा भाग लोक सोडून देतात आणि मग महिनाभर मॉडेलला दोष देतात.

'अनकेस्ड' प्रकारचे (लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एक करणारे) जुने बहुभाषिक टोकनायझर, म्हणजे मजकूर टोकनांत मोडणारे प्रोग्राम, अक्षरांवरची चिन्हं काढून टाकतात. ती सोय फ्रेंचसारख्या भाषांतल्या चिन्हांसाठी होती. युनिकोडमध्ये आपला उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात. काना, वेलांटी आणि ओकार मोडत नाहीत. परिणाम बघा:

कुत्रा → कतरा
मेला → मला
केला → कला
नव्हे → नवह

'नाही' मात्र सहीसलामत राहतं, त्यामुळे वरवर चाचणी केली तर सगळं ठीक वाटतं. उपाय: 'स्ट्रिप ॲक्सेंट्स' बंद. जुन्या इंडिकबर्टला, जे आल्बर्टवर बेतलेलं होतं, 'कीप ॲक्सेंट्स' चालू करावं लागतं. कुठलंही मॉडेल घ्या, आधी 'मेला' टोकनांत मोडून पुन्हा जोडून बघा. परत 'मेला' आलं तरच पुढे जा.

दुसरं, अर्धा र. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टंकला जातो: 'ऱ' आणि हलन्त असा, किंवा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक असा. मजकूर साफ करणाऱ्या बहुतेक स्क्रिप्ट न दिसणारी अक्षरं उडवतात. दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या 'दऱ्या'चा मग 'दर्या' होतो आणि आचाऱ्यांना वाढायचं ते आचार्यांना वाढलं जातं. म्हणून आधी सगळे 'र, हलन्त, जोडक' बदलून 'ऱ, हलन्त' करा, मग साफसफाई.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कमाल लांबी १२८ टोकन ठेवायची पद्धत इंग्रजीतून आली. मराठीचे शब्द जास्त तुकड्यांत मोडतात, त्यामुळे १२८ लवकर भरतात आणि वाक्याचं शेपूट कापलं जातं. इंग्रजीत शेपूट गेलं तर एखादं स्थळकाळाचं विशेषण जातं. मराठीत 'नाही' जातं! 'अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडणे बंधनकारक' एवढं राहतं आणि 'नाही' बाहेर पडतं. मॉडेल छातीठोकपणे 'निघतं' म्हणतं. लांबी २५६ ठेवा आणि किती टक्के जोड्या कापल्या जातायत ते मोजून घ्या. एक टक्क्यापेक्षा जास्त असतील तर वाक्यं आधीच तोडा.

---

नदीकाठ

टोकनवाला, तो मेला/मला प्रकार बघून हसावं की रडावं कळेना. वाचनखूण साठवली.

---

शब्दखुणा

आता माझा आवडता भाग: मराठीची स्वतःची तपासणी. भाषांतरित संचात ही वाक्यं जवळपास येतच नाहीत, कारण इंग्रजीवरून कोणी अशी वाक्यं लिहीत नाही. आणि रोजच्या मराठीत ती पावलोपावली आहेत. प्रत्येक प्रकारात अशा जोड्या करा, ज्यांत एकच गोष्ट बदलते.

विसरणं. 'तो दार लावायला विसरला' यातून 'दार लावलं नाही' निघतं. 'दार लावल्याचं तो विसरला' यातून 'दार लावलं होतं' निघतं. शब्द जवळजवळ तेच, निष्कर्ष उलटे. सगळा खेळ 'लावायला' आणि 'लावल्याचं' यांचा. 'टाळलं', 'जमलं', 'धजला' हेही याच घरातले: 'त्याला उत्तर द्यायला जमलं' मधून उत्तर दिलं हे निघतं, 'त्याने उत्तर द्यायचं ठरवलं' मधून निघत नाही.

होता होता. 'ती पडता पडता वाचली' म्हणजे पडली नाही. 'बस चुकता चुकता मिळाली' म्हणजे चुकली नाही. क्रियापद दोनदा आलंय म्हणून मॉडेलला ते दुप्पट खरं वाटतं.

होत आला. 'स्वयंपाक होत आला' मधून 'स्वयंपाक झाला' निघत नाही. 'झाला नाही अजून' हेच निघतं. पुलाच्या बातमीत 'काम पूर्ण होत आले आहे' याचा सारांश 'काम पूर्ण' असा झाला तर तो पकडलाच पाहिजे.

च आणि ही. 'रमाच आली' मधून 'रमा आली' निघतं आणि 'सीमा आली' उलट ठरतं. 'रमाही आली' मधून आणखी कोणीतरी आलं हे निघतं. 'दोनच आंबे खाल्ले' आणि 'तीन आंबे खाल्ले' उलट. नुसतं 'दोन आंबे खाल्ले' असेल तर लेबलांवर वाद होईल, ती जोडी संचात घेऊ नका. एका अक्षराचा प्रत्यय टोकनायझर आधीच्या शब्दात कसा गिळतो यावर इथला निकाल फार अवलंबून असतो.

आदरार्थी बहुवचन. 'मुख्यमंत्री आले आणि त्यांनी पाहणी केली' यातून 'अनेक जणांनी पाहणी केली' निघत नाही. हिंदीवर शिकलेली मॉडेलं हे बऱ्यापैकी सांभाळतात, फक्त इंग्रजीवरची गडबडतात.

एकही नाही. 'एकाही मुलाने फळ खाल्लं नाही' मधून 'एकाही मुलाने आंबा खाल्ला नाही' निघतं. 'काही मुलांनी फळ खाल्लं' मधून 'काही मुलांनी आंबा खाल्ला' निघत नाही. नकारात दिशा उलटते: मोठ्या गटाकडून लहान गटाकडे जाता येतं.

म्हणे. 'त्याची बदली झाली म्हणे' मधून 'त्याची बदली झाली' निघत नाही.

---

खडूफळा

शेवटच्याशी सहमत नाही. तुमची व्याख्या 'बहुधा' म्हणते ना? गावात 'बदली झाली म्हणे' असं कोणी म्हटलं की दहापैकी नऊ वेळा झालेलीच असते.

---

शब्दखुणा

सर, गावात खरं आहे. पण कामावर ठरतं. बातमीत 'कळते', 'समजते', 'सूत्रांनुसार' हे 'म्हणे'चेच भाऊबंद आहेत, आणि सारांशाने ते गाळून विधान ठाम केलं तर बातमीदाराच्या डोक्याला ताप होतो. तिथे 'सांगता येत नाही' हेच लेबल हवं. गप्पांचं मॉडेल करत असाल तर तुमचं चालेल. दोन्ही एका संचात मिसळू नयेत एवढंच.

---

चौकस

आकड्यांवर कोणी लिहिलं नाही. शासन निर्णयांत अर्धी लढाई तिथेच असते. नमुन्यादाखल रचलेलं वाक्य घ्या:

'ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५० लाख रुपयांपेक्षा जास्त नाही, अशा कुटुंबातील विद्यार्थी पात्र राहतील.'

यावर सारांशातली चार वाक्यं:

'अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थी पात्र.' निघतं.
'बरोबर अडीच लाख उत्पन्न असेल तर विद्यार्थी अपात्र.' उलट.
'पावणेतीन लाख उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थीही या अटीत बसतात.' उलट.
'या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळेल.' सांगता येत नाही. पात्र असणं म्हणजे पदरात पडणं नव्हे.

मॉडेलं दुसऱ्यावर आणि चौथ्यावर आपटतात. दुसऱ्यावर सीमारेषेमुळे, चौथ्यावर शब्द ओळखीचे वाटतात म्हणून.

दीड, अडीच, सव्वा, पावणे, साडे हे मॉडेलच्या भरवशावर सोडू नका. आधीच नियमांनी आकड्यांत बदला: दीडशे १५०, सव्वाशे १२५, पावणेदोन लाख १,७५,०००, साडेतीन हजार ३,५००. देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच रूपात आणा. स्वल्पविराम काढा, पण दशांश चिन्ह काढू नका. दोन्ही वाक्यांतले आकडे काढून तुलना करणारा एक साधा नियम मॉडेलच्या शेजारी ठेवा: दुसऱ्यात असा आकडा आहे जो पहिल्यात कुठल्याच रूपात नाही, तर ती जोडी माणसाकडे जावी. बेरीज-वजाबाकीतून आलेले आकडे यात विनाकारण अडकतात, ते चालवून घ्यावं.

'फार तर', 'निदान', 'किमान', 'कमाल', 'पर्यंत', 'पासून' यांच्या प्रत्येकी दहा-बारा जोड्या वेगळ्या करा. 'निदान तीन' मधून 'निदान दोन' निघतं, 'फार तर तीन' मधून 'फार तर दोन' निघत नाही.

---

उलटतपासणी

चौकस यांना +१. आता मॉडेल खरंच दोन्ही वाक्यं वाचतंय का, हे कसं ओळखायचं ते.

पहिलं वाक्य झाकून फक्त दुसऱ्यावर ट्रेन करा. तीन समान खाने असतील तर ३३ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. इंग्रजी एसएनएलआयवर ही युक्ती २०१८ मध्ये केली गेली तेव्हा सुमारे ६७ टक्के आले. कारण 'उलट' वाक्य लिहायला सांगितलं की लोक आळसाने नकार घालतात किंवा 'झोपलाय' लिहितात. मराठीत स्वतः वाक्यं लिहून घेत असाल तर तेच होईल: शेवटी 'नाही' दिसलं की 'उलट'. म्हणून 'निघतं' मध्येही भरपूर 'नाही' हवेत, आणि 'उलट' च्या निम्म्या जोड्या नकाराविना.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. 'उलट' हे दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. 'उलट' ठरलेल्या सगळ्या जोड्या फिरवून द्या. लक्षणीय संख्येने निकाल बदलला तर मॉडेल अर्थ नाही, जागा बघतंय.

तिसरी हान्सच्या धर्तीवर. २०१९ च्या त्या इंग्रजी संचात ३०,००० जोड्या होत्या. शब्द तेच, मांडणी वेगळी, आणि चांगली चांगली मॉडेलं त्यात तोंडघशी पडली. पण तो आराखडा मराठीत भाषांतर करून चालत नाही. इंग्रजीत शब्दांचा क्रम फिरवला की कर्ता-कर्म फिरतात. आपल्याकडे 'कुत्रा मांजराला चावला' आणि 'मांजराला कुत्रा चावला' एकच. फिरवायची ती विभक्ती: 'मांजर कुत्र्याला चावलं'. मग दोन्ही तऱ्हा ठेवा. क्रम बदललेली, लेबल 'निघतं'; विभक्ती बदललेली, लेबल 'सांगता येत नाही'. पहिल्यात चुकणारं मॉडेल क्रमाला चिकटलंय, दुसऱ्यात चुकणारं नुसते शब्द मोजतंय. कुत्रा/कुत्र्या असं सामान्यरूप बदलतं म्हणून दुसरी तऱ्हा थोडी सोपी पडते. 'रवी' आणि 'हरी' सारखी नावं घेतली तर सवलत मिळत नाही.

संख्येबद्दल. बारा प्रकार, प्रत्येकी ४० जोड्या, एकूण ४८०. प्रकारातल्या ४० वर ८० टक्के आले तर खरा आकडा साधारण १२ टक्के इकडेतिकडे असू शकतो; एकूण ४८० वर तोच फरक साडेतीन-पावणेचारवर येतो. तेव्हा 'विसरणं' मध्ये दोन मॉडेलांत पाच टक्क्यांचा फरक दिसला म्हणून पेढे वाटू नयेत.

आणि याच जोड्यांतल्या काही प्रशिक्षणात घालायच्या असतील तर ओळींनुसार नको, साच्यानुसार वाटणी करा. 'दार लावायला विसरला' प्रशिक्षणात आणि 'खिडकी लावायला विसरला' परीक्षेत, ही परीक्षा नव्हे.

---

नदीकाठ

दस्तऐवजाच्या बाजूने थोडी भर. अख्खा मजकूर एका बाजूला आणि सारांश दुसऱ्या बाजूला टाकू नका. ५१२ टोकनांत बसला तरी मॉडेलला अशा लांबीची सवय नसते. दोन्ही वाक्यांत तोडा. सारांशातल्या प्रत्येक वाक्यासाठी मुळातल्या प्रत्येक वाक्याशी 'निघतं' ची शक्यता काढा आणि त्यातली कमाल घ्या. सारांशाचा अंतिम गुण म्हणजे या कमाल आकड्यांतला किमान. सरासरी काढू नका, चार खऱ्या वाक्यांआड एक खोटं दडून बसतं.

यात दोन अडचणी. माहिती दोन वाक्यांत विभागलेली असेल तर कुठलंच एक वाक्य पुरत नाही. म्हणून एकेकट्या वाक्यांबरोबर लगतच्या दोन आणि तीन वाक्यांचे गटही उमेदवार म्हणून घाला. दुसरं, 'त्यांनी', 'सदर', 'उपरोक्त', 'वरीलप्रमाणे'. शासकीय मराठी यांवरच उभी आहे. 'सदर योजना' च्या जागी योजनेचं नाव आधी बसवून घ्या, नाही तर बरोबर वाक्यंही नापास होतात.

वाक्य तोडताना 'रु.', 'क्र.', 'डॉ.', 'मा.', 'इ.' यांच्यापुढचं टिंब पूर्णविराम समजलं जाणार नाही याची यादी ठेवा. 'शासन निर्णय क्र.' हे एक वाक्य म्हणून वेगळं निघालेलं मॉडेलपुढे गेलं की ते काय वाट्टेल ते सांगतं.

उंबरठा, म्हणजे वाक्य पास करायला लागणारी 'निघतं' ची किमान शक्यता, ०.५ असा आंधळेपणाने ठेवू नका. सारांशातली ३०० वाक्यं माणसांकडून तपासून घ्या, १५० वर उंबरठा ठरवा, उरलेल्या १५० वर मोजा. चुकीचं वाक्य सुटणं महाग असेल तर उंबरठा वर न्या आणि माणसाकडे जास्त जाऊ द्या.

---

अक्षरगणित

सगळ्यांचे आभार. एक शंका: इंडिकएक्सएनएलआयवर शिकवून झालेल्या मॉडेलला वरच्या मराठी प्रकारांच्या ५०० ते १००० जोड्यांवर पुन्हा शिकवायचं, तर जुनं विसरणार नाही का?

---

टोकनवाला

नुसत्या नव्या जोड्या दिल्या तर विसरतं. प्रत्येक नव्या जोडीमागे चार जुन्या मिसळा, लर्निंग रेट ०.००००१, एक किंवा फार तर दोन फेऱ्या. जुन्या निवडताना शब्दखुणाताईंनी सांगितलेल्या लिंगाच्या, नात्याच्या आणि आम्ही-आपणच्या जोड्या गाळून घ्या. त्यासाठी २०० जोड्या लेबल झाकून पुन्हा लावून घेतल्या तर कुठल्या शब्दांभोवती गडबड आहे ते कळतं, मग त्या शब्दांनी चाळणी लावता येते.

आणि एक, नवीन मंडळींसाठी. कुणाचंही तयार मॉडेल उतरवलं तर खान्यांचा क्रम आधी बघा. मूळ मल्टीएनएलआयच्या प्रचलित आवृत्तीत ० म्हणजे 'निघतं' आणि २ म्हणजे 'उलट'. रॉबर्टा लार्जच्या प्रसिद्ध एमएनएलआय आवृत्तीत नेमकं याच्या उलट. काही क्रॉस-एन्कोडरांत (दोन्ही वाक्यं एकत्र वाचणाऱ्या मॉडेलांत) तिसराच क्रम. कॉन्फिग फाइलमध्ये नावं नसतील, नुसतं लेबल ०, लेबल १ असेल, तर एकच वाक्य दोन्हीकडे देऊन बघा. ज्या खान्यात आकडा चढतो तो 'निघतं'. मग त्याच वाक्याला शेवटी 'नाही' जोडून द्या.

---

चौकस

'नाही' जोडताना क्रियापद बघा पण. 'तो येतो'ला 'येतो नाही' होत नाही, 'येत नाही' होतं. 'तो आला नाही' सारखं भूतकाळातलं वाक्य चाचणीला सोपं.